बाबांचे बूट

मुलांनो, अशी एक संध्याकाळ डोळ्यांपुढे आणा. रेवतीचे बाबा घरी संगणकापुढे बसत आणि त्यांच्या वाटचं चालणं खाली बागेत एक यंत्र करी. व्यायाम मात्र बाबांच्या पायांना होई, म्हणून ते खुर्चीतून उठतच नसत. यंत्राची चाल त्यांच्यासारखी होती, बूटही त्यांचेच. शेजारचा निहार रोज त्याचं बोट धरून फिरे.

"तुझे बाबा मला रोज फिरवतात. तुला नाही?" त्याने चिडवलं.

रेवतीचा जळफळाट झाला. "ते यंत्र आहे."

"मग खरे बाबा कधी येतात?"

तिने यंत्राला बाकावर बसवलं, बूट काढले आणि घरी धावली.

"थांब गं, एवढं संपवतो," बाबा पडद्याकडे बघतच म्हणाले.

रेवती टेबलाखाली शिरली आणि त्यांच्या पायांत बूट चढवून नाड्या बांधू लागली.