वोल्कर्ट सरांचा बायोडेटा

अमिरातीतल्या अल ऐनच्या युनिव्हर्सिटीतलं डॉ. वोल्कर्टचं कॉन्ट्रॅक्ट संपलं होतं, व्हिसाला महिनाच उरला होता. परत जावं तर त्यांचा पूर्व जर्मनी हा देशच आता उरला नव्हता, तिथली प्रोफेसरकीही त्याच्याबरोबर गेली होती. आता एका शाळेत विज्ञानाचा शिक्षक हवा होता. जिऑलॉजी डिपार्टमेंटची टायपिस्ट विद्युल्लता त्यांचा बायोडेटा टाइप करत होती आणि ते केबिनभर येरझारा घालत होते.

"शाळावाले म्हणतात, मी त्यांना फार मोठा होतो. प्रोफेसर काढा, लेक्चरर लिहा."

तिने लिहिलं.

"ते चाळीस शोधनिबंध काढा."

तिने काढले.

"आणि ते खनिजही."

"सर, ते जगात पहिल्यांदा तुम्ही शोधलंत!"

"म्हणूनच काढा." ते खिडकीपर्यंत गेले, परत फिरले. "आपल्या हाताने आपल्यालाच खोडायचं. तुम्हाला नाही कळायचं ते."

तिने ती ओळ खोडली, प्रिंट काढून त्यांच्या हातात दिली.

"सर, लग्न होऊन पुण्याहून आले, तेव्हा इथे टायपिस्टच हवी होती. जिऑलॉजीतली एम.एस्सी. मी माझ्या बायोडेटात लिहिलीच नाही."