पहारेकऱ्याचा कोट

"श्वास सोड."

"सोडलाय की. आता घ्यायचा कसा, ते सांग."

धाकटी दोन पावलं मागे सरली. कोट दादाच्या अंगावर दोऱ्याचाही फरक न पडता बसला होता. खांदा खांद्यावर, कॉलर मानेवर. तिने भावाचं एकही माप घेतलेलं नव्हतं. तीस वर्षं ती लोकांचे कपडे शिवत होती, पण पहिल्याच फिटिंगला असा कोट बसलेला तिने पाहिला नव्हता. आनंद व्हायला हवा होता. तिच्या अंगावर काटा आला.

दर वर्षी नदीकाठच्या मैदानात गावकरी जुन्या पुराचा खेळ जसाच्या तसा उभा करत. शंभर वर्षांपूर्वी पाणी चढलं, घंटा वाजवायला नेमलेला पहारेकरी पळून गेला आणि एकेचाळीस माणसं झोपेतच वाहून गेली. त्यात पहारेकऱ्याची बायकोही गेली. तान्हा मुलगा तेवढा वाचला. तो या भावंडांचा आजोबा. म्हणून खेळात पहारेकऱ्याचं काम यांच्याच घराकडे. आधी आजोबा, मग वडील, आता दादा. त्याने घंटेपासून पळायचं, लोकांनी शिव्या घालायच्या, पोरांनी ढेकळं मारायची. दादा हसून घ्यायचा. पण गेल्या वर्षी त्याच्या लेकीने विचारलं, "बाबा, आपण पळपुट्यांचे ना?" तेव्हापासून त्याचं हसू आटलं. "यंदा शेवटचं," तो बहिणीला म्हणाला होता. "मग बिऱ्हाड हलवतो. पोरीला या गावात वाढवायचं नाही."

त्यातच यंदा खेळ बसवणाऱ्या मास्तरांच्या डोक्यात अस्सलपणाचं खूळ शिरलं. "कपडे त्या काळच्या बेताचेच हवेत. सुधारणा नको. जुना शिंपी चुकला असेल, तर तुम्हीही चुका." धाकटी तीन महिने कापड बेतायचे जुने कागदी फर्मे शोधत फिरली. संग्रहालयात फोटो मिळाले, पण फोटोवरून कोटाची पाठ कळत नाही. पोस्टाने मागवलेला फर्मा भलताच झालरदार निघाला. पहारेकरी त्यात नवरदेव दिसला असता. शेवटी बाजारातल्या एका बंद दुकानामागे राहणाऱ्या म्हातारीने दार उघडलं. तिचा आजा त्या काळचा शिंपी. पहारेकऱ्याचा कोट म्हणताच तिने शोधाशोध न करता कपाटातून तपकिरी कागदाची गुंडाळी काढून दिली. "शिवणारं कुणी येईल असं आजा म्हणायचा," एवढंच बोलली.

फर्मा विचित्र होता. श्वासासाठी छातीत सोडतात ती दोन बोटं ढिलाई नव्हती. बगल इतकी आखूड, की हात वर जायचा नाही. खिसे नव्हते. पाठीचे दोन तुकडे होते, पण मध्ये शिवणीसाठी कापडच सोडलेलं नव्हतं. जुने शिंपीबुवा डुलक्या घेत बेतत होते की काय, असं तिला वाटलं. पण मास्तरांचा हुकूम. तिने चुकीसकट कापड कापलं आणि पाठीला तेवढ्या नाड्या लावल्या.

"हात वर कर, दादा."

"होत नाही." हात थोडा उचलला, की आपसूक खाली येई आणि मांडीला चिकटून राही. "तुझा कोट मला गप्प राहा म्हणतोय."

"बरं, मग बस."

बसताही येईना. त्याचे ओठ निळसर दिसायला लागले. घेरी येते म्हणत तो बेतायच्या टेबलावर आडवा झाला.

आणि कोट शांत झाला. छातीवरची ओढ गेली. बाह्या अंगालगत सरळ पडल्या. औषधालासुद्धा सुरकुती राहिली नाही. पाठ उघडीच होती, पण ती आता कुणाला दिसणार नव्हती. दादाने डोळे मिटले. "आता कसं निवांत वाटतंय," तो म्हणाला. आवाज शेजारच्या खोलीतून आल्यासारखा वाटला.

धाकटीने कात्री उचलली आणि कोट गळ्यापासून खालपर्यंत उभा कापला.

दादा खोकत उठला. "वेड लागलं का गं? तीन महिन्यांची मेहनत!"

"हा चालत्याबोलत्या माणसाचा कोट नाही, दादा. मढ्याचा आहे."

दादा छाती चोळायला लागला. मग म्हणाला, "असेल. पळून गेलेला माणूससुद्धा कधीतरी मरतोच की. त्याने काय बदलतं?"

कापलेला कोट काखेत मारून ती तडक म्हातारीकडे गेली. म्हातारी उंबऱ्यात बसली होती. तिने कोटाकडे पाहिलं आणि मान हलवली.

"शिवलास म्हणजे कळलं असेल. आज्याने त्याचं माप निजवूनच घेतलं होतं. छातीत कळ आली आणि घंटेखालीच गेला बिचारा."

"मग आजी, पळाला असं का म्हणतात?"

"खांदा देणारे सगळे पाण्यात गेले. माझा आजा सांगून सांगून थकला, पण शिंप्याचं कोण ऐकतो? घंटेवर नवा माणूस नेमायला कारभारी विसरले होते. त्यांना खापर फोडायला एक डोकं हवं होतं."

"नवा माणूस? तो कशाला?"

म्हातारीने कोटावरून हात फिरवला.

"जुन्याची शवपेटी सकाळीच मातीत गेली होती, पोरी. पाऊस त्याच संध्याकाळी सुरू झाला."