बुडालेल्या चुली

समुद्रतळाच्या चिखलाखालचं दाखवणाऱ्या होडीतल्या पडद्यावर आणखी एक घर उमटलं, तशी मृण्मयीने मांडीवरची तान्ही लेक जवळ ओढली. हजारो वर्षांपूर्वी समुद्र चढत गेला तसतशी या घरांतली माणसं डोंगराकडे सरकली होती. प्रत्येक घरात राख होती, पण चुलीचे दगड नव्हते. निघताना माणसं ते सोबत नेत.

"बघ, कसे सावकाश उठले!" होडी चालवणारे हरबाकाका म्हणाले. "पाणी चढेल तसे आपणही उठू की. आत्तापासून कशाला गाव सोडायचं? शिकलेल्या पोरी भारी घाबरट!"

होडी किनाऱ्याकडे सरकली आणि पडद्यावर शेवटचं घर दिसलं. तिथे चुलीचे तिन्ही दगड जागच्या जागी होते. शेजारी एका बाईचा सांगाडा होता, आणि तिच्या कुशीत इवलासा दुसरा.

काकांनी होडी थांबवली.

"मी आजच निघते," मृण्मयी म्हणाली.

"अगं, पण डोंगरावरच्या छावणीत जागा कुठाय?"

"रस्त्यावर बसेन. पण उंचावरच्या."

काकांनी होडी गावाकडे वळवली. समोर गावातल्या बायका घरात शिरलेलं समुद्राचं पाणी रोजच्यासारखं केरसुणीने बाहेर लोटत होत्या.