थांबायचं न्हाय

भर दुपारी प्रसेनजीतनं घरात काळोख केला. खिडकीला घोंगडं ठोकलं, दाराच्या फटीत जुनी लुगडी कोंबली, पत्र्याच्या भोकांना पुठ्ठे लावले. डोळ्यांत बोट घातलं तरी दिसेना, तेव्हा कुठं त्याचं समाधान झालं. जयसिंगपुरात लग्नाचे फोटो काढणारा माणूस तो. नवरा-नवरीभोवती उजेडाच्या रेघांनी बदाम काढून देण्यात त्याचा हात धरणारा तालुक्यात कुणी नव्हता. आज मात्र काम घरचं होतं.

उद्या वडिलांचा स्मृतिदिन. भिंतीवर बुद्धांच्या तसबिरीशेजारचा खिळा दोन हजार पाचच्या पुरापासून रिकामा होता. वडिलांचा एकुलता एक फोटो त्या पाण्यात गेला. तेव्हा प्रसेनजीत पाच वर्षांचा, आणि वडील जाऊन तीन वर्षं झालेली. आबांचा चेहरा आठवायला बसलं की त्याला नुसता त्या फोटोतला, त्यांच्या खांद्यावरचा टॉवेल आठवायचा. याची त्याला लाज वाटायची.

चार महिन्यांमागं आईला विचारून विचारून त्यानं कॉम्प्युटरवर एक चेहरा तयार केला होता. पारूबाईनं तो बराच वेळ न्याहाळला होता.

"माणूस बरा हाय," ती म्हणाली होती. "पर हे पावणं कोण म्हणायचं?"

सांगून जमत नाही, तर तिच्या हातालाच विचारावं, असं म्हणून त्यानं आज हा घाट घातला होता.

"कॅमेऱ्याचं शटर उघडं ठेवतोय आई. हलणारं माणूस फोटूत येत न्हाय, नुसता उजेड येतोय. आबांच्या कडंकडंनं बॅटरी फिरव. फकस्त कुठं थांबायचं न्हाय. थांबलीस की तूच उमटशील."

"बरं."

"आबा म्होरं हुभं हाईत असं समज."

"त्यात समजायचं काय?" पारूबाई म्हणाली.

शटर उघडलं. काळं लुगडं नेसलेली आई काळोखात मिसळून गेली आणि मागं राहिला तिच्या हातातला उजेडाचा एक ठिपका. तो आधी जागच्या जागी घुटमळला.

"माझं डोस्कं त्येंच्या खांद्याला लागायचं," ती पुटपुटली, आणि ठिपका सरसर वर चढला.

डोकं झालं. कान आले, चांगले बाहेर आलेले. प्रसेनजीतचा हात नकळत स्वतःच्या कानाकडं गेला. डावा खांदा बराच खाली उतरला; पोत्यांनी उतरवलेला खांदा तो. मग हात, लुंगीची कड, जरा फाकलेली पावलं. साठ वर्षांची बाई वाकली, उठली, टाचांवर उंच झाली, पण कुठं अडली नाही. शेवटी ठिपका छातीशी आला आणि तिथं थांबला.

"आई, थांबू नगंस."

पारूबाईला ते ऐकू गेलं नसावं. बॅटरी तिनं कमरेला खोचली होती. उजेड तिच्याच तोंडावर पडला होता, आणि दोन्ही हातांनी ती हवेत काहीतरी जुळवत होती.

"वरची गुंडी," ती म्हणाली. "कवाच लावायचं न्हाईत."

शटर मिटायला हवं होतं. प्रसेनजीतचं बोट हलेना.

मग पुठ्ठे, लुगडी काढायचं भान दोघांनाही राहिलं नाही. तसंच काळोखात लॅपटॉपसमोर बसून त्यांनी फोटो पाहिला. काळ्या पडद्यावर उजेडाच्या एका रेघेनं काढलेला उंच माणूस उभा होता. नाक-डोळे नव्हते. पण मोठे कान होते, आणि एक खांदा पडलेला होता. प्रसेनजीतला आयुष्यात पहिल्यांदा आपले वडील दिसले. आणि त्यांच्या छातीशी, चुलीच्या धुरातून दिसावी तशी अंधुक पारूबाई होती. मान वर केलेली, दोन्ही हात त्यांच्या गळ्याशी.

त्यानं माऊसकडं हात नेला. तो म्हणाला, "तेवढं तुझं पुसून टाकतो. दोन मिनिटांचं काम हाय."

पारूबाईनं त्याचं मनगट धरलं.

"ऱ्हाऊ दे. लग्नात फोटूवाला सांगितलेला, त्यो आलाच न्हाय. दोघांचा मिळून ह्योच पैला."

"पर आई, उद्या हार घालायचाय. जित्या माणसाच्या फोटूला हार घालत न्हाईत."

पारूबाईनं पडद्यावरची नजर काढली नाही.

"मग हार नगं," ती म्हणाली. "नुसता फोटू टांग."