बाराही महिने

"सर, आणि ही त्यांची घरं," म्हणत अश्लेषानं फोन पुढे सरकवला.

पुरुषोत्तम सरांनी चष्मा पुसून पाहिलं. ग्रीनलंडच्या पार वरचं गाव, उपरनाविक. ऑगस्टचं लख्ख ऊन. खडकावर लाल, निळी, पिवळी लाकडी घरं. दोरीवर वाळत घातलेले कपडे. खाली गवत, गवतात पांढरी फुलं.

"बर्फाची घरं कुठायत?" सरांनी विचारलं.

"नाहीत, सर. हिवाळ्यातसुद्धा लोक अशाच घरांत राहतात."

सरांनी फोटो बोटांनी मोठा करून पाहिला. तासगावजवळच्या शाळेत त्यांनी अठरा वर्षं भूगोल शिकवला होता. दरवर्षी मुलांकडून कापसाची बर्फाची घरं करून घेतली होती, तालुक्याच्या प्रदर्शनात त्यांना दुसरा नंबरही मिळाला होता. सरांची चूक दाखवणारा अजून जन्माला यायचा होता, निदान सरांचा तसा समज होता. मग बायकोला कासलबारच्या हॉस्पिटलात नोकरी लागली आणि सर तिच्यामागोमाग आयर्लंडला आले. इथे ते डॉक्टर शोभनांचे मिस्टर. पोळ्या उत्तम लाटतात, एवढीच ख्याती. 'सर' म्हणणारे आता फक्त जुन्या वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर उरले होते. त्यातलीच ही अश्लेषा. नोकरी आयर्लंडमधल्याच डंडॉकला. करोनाच्या लसीचे दोन्ही डोस घेऊन, दीड वर्षानं ती पहिल्यांदाच कुठे फिरून आली होती आणि फोटो दाखवायला आधी सरांकडे आली होती.

सरांनी स्वतःचा फोन उचलला.

"अहो, काय करताय?" शोभनानं विचारलं.

"ग्रुपवर सांगतो. चुकीचं शिकवलं म्हणून."

"काही नको. पुस्तकात होतं ते शिकवलंत, त्यात तुमचा काय दोष? ती पोरं महाचावट. उद्यापासून टर उडवतील. तेवढीच एक जागा उरलीय, जिथे तुम्ही सर आहात."

"पुस्तकात 'हिवाळ्यात काही लोक' एवढंच होतं," सर म्हणाले. "'सगळे' आणि 'बाराही महिने' हे मी पदरचं घातलं."

सर खुर्चीतून उठून उभे राहिले. वर्गात बोलायचे तसा खणखणीत आवाज लावून त्यांनी रेकॉर्डिंग सुरू केलं.

"मुलांनो, ध्रुवाकडचे सगळे लोक बाराही महिने बर्फाच्या घरात राहतात, असं मी तुम्हांला शिकवलं. ते खोटं होतं. वर्गात एका मुलीनं विचारलं होतं, उन्हाळ्यात घर वितळत नाही का? मला उत्तर येत नव्हतं, म्हणून मी तिला तासभर बाकावर उभं केलं. ती मुलगी अश्लेषा. तिचं बरोबर होतं. तुम्हां सगळ्यांसमोर मी तिची माफी मागतो."

अंगठा क्षणभर घुटमळला. मग त्यांनी ते पाठवून दिलं.

शोभनाला नवऱ्याचा इतका अभिमान लग्नाच्या पंचवीस वर्षांत कधी वाटला नव्हता. तिनं फक्त त्यांच्यासमोरची पाण्याची बाटली उघडून दिली.

पाणी पिऊन सर खाली बसले. अश्लेषा मान खाली घालून बसली होती.

"मला खोटं पाडायला एवढ्या लांब गेलीस होय गं?" त्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता.

"नाही हो, सर," अश्लेषा डोळे पुसत म्हणाली. "वर्गात जगाचा नकाशा किती उंच टांगलेला असायचा. खाली बसून वरचं काही वाचता यायचं नाही. तुम्ही बाकावर उभं केलंत म्हणून उपरनाविक हे नाव मला दिसलं."