मास्तरांचे सात थांबे

"तळ्यापाशी थांबलो, की तासाभरात लगेच दरीपाशी? बाबा, आपण कॉलेजं बघायला चाललोय की देखावे?" बारकीने विचारलं.

कापड बेतायच्या टेबलावर नकाशा पसरून मास्तर खडूने खुणा करत होते. "दोन्ही," ते म्हणाले. "कॉलेजं तू ठरवलीस, थांबे मी ठरवणार. बोली झालीय आपली."

बारकीने पुढे वाद घातला नाही. मापं लिहायची एक कोरी वही दुकानातून उचलून तिने सातही थांबे ओळीने उतरवून घेतले. पोरगी उंचीने बापाच्या कानाला लागली होती, सतरावं वर्ष सरत आलं होतं, तरी नाव बारकीच राहिलं होतं. आई गेल्यापासून घरात ही दोघंच.

खरं तर देखाव्यांशी मास्तरांना काही देणंघेणं नव्हतं. उभा जन्म शिलाईयंत्रासमोर गेलेला. खिडकीबाहेर बघायलाही त्यांना फुरसत नसे. पण तीन महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी त्यांना फुप्फुसातली गाठ दाखवली होती. दर आठवड्याला इस्पितळात यावं लागेल, लांबवर गाडी चालवू नका, चालवलीच तर तासातासाला थांबून विसावा घ्या, असं बजावलं होतं. उपचार मास्तरांनी पुढे ढकलले. पोरीला कळलं तर ती घर सोडायची नाही, बापाच्या उशाशी बसून राहील, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं. एकदा तिचा प्रवेश झाला, हॉस्टेलवर सामान टाकलं, की मग आपलं आपण बघू. तोवर तोंडातून ब्र काढायचा नाही.

आतापर्यंत सगळं बेमालूम जमलं होतं. अंग उतरायला लागलं तसे त्यांनी आपले सगळे शर्ट दोन्ही बाजूंनी आत घेतले. आयुष्यभर लोकांची सुटलेली पोटं झाकली, आता स्वतःचं नसलेलं पोट झाकायला असं काय कठीण होतं? शर्टांना इस्त्री बारकीच करायची. तिने कधी काही विचारलं नाही.

एकच गोष्ट त्यांना खात होती. एवढे मार्क पाडून पोरीने यादीत घातलेली तिन्ही कॉलेजं अगदीच सुमार होती. सगळा वर्ग ज्या कॉलेजसाठी जीव टाकत होता, त्याचं तिने नावही घेतलं नाही. विचारलं तर म्हणाली, तिथे गर्दी फार.

पहिला थांबा तळ्याचा. गाडी लावून बांधापर्यंत थोडं चालायचं होतं. "तुम्ही व्हा पुढे, मी आलेच," म्हणत बारकी मोबाइलमध्ये डोकं घालून गाडीपाशीच उभी राहिली. मास्तरांना ते बरंच झालं. वाटेत बुटाची नाडी बांधायच्या निमित्ताने त्यांनी दम खाल्ला. ती येऊन पोचली तोवर श्वास ठिकाणावर आला होता. दरीपाशी तेच, जुन्या पुलापाशी आणि पुढच्या थांब्यांवरही तेच. आजकालच्या पोरांना समोरचं सोडून मोबाइल बघायची खोड, असं मास्तर तोंडाने कुरकुरले आणि मनातून त्या मोबाइलला दुवा दिला.

दरीच्या कठड्यापाशी मात्र ती त्यांना अगदी खेटून उभी राहिली. खाली दूरवर नदी चमकत होती. तिचं तिकडे लक्ष नव्हतं.

"मी लांब गेले तर तुम्हाला करमेल?"

"न करमायला काय झालं? दुकान आहे, गिऱ्हाईकं आहेत. तू मागे वळून बघायचं नाहीस. कळलं?"

"बरं," ती म्हणाली.

मास्तरांना खोकला आला. त्यांनी तो रुमालात दाबला आणि गाडीची किल्ली काढली.

कॉलेजांमध्येही तिची एक ठरलेली तऱ्हा होती. वर्ग, वाचनालय भराभर बघायचं, मग बापाला सावलीतल्या बाकावर बसवायचं आणि "मागचं फाटक बघून येते" म्हणून निघून जायचं. परत यायची ती घामाघूम, चपला धुळीने माखलेल्या. आली की वहीत काहीतरी लिहायची. पोरगी डोळसपणे निवड करतेय, एवढंच मास्तरांना वाटायचं.

तिसरं कॉलेज सगळ्यांत वाईट निघालं. भिंतींचे पोपडे उडालेले, वाचनालयातली निम्मी कपाटं रिकामी. मास्तर खट्टू झाले. पण मागच्या फाटकाकडून बारकी परत आली ती दोन दिवसांत पहिल्यांदाच हसत. खाली बसून तिने घाईघाईने चार ओळी लिहिल्या.

"बाबा, हेच घेऊ या."

"नीट विचार केलास?"

"केला."

वही बाकावर टाकून ती अर्जाच्या रांगेत जाऊन उभीसुद्धा राहिली. मास्तरांनी पाय लांब केले. कॉलेज कसंही असेना, पोरगी मार्गाला लागली होती. तीन महिने छातीवर वागवलेलं ओझं उतरल्यासारखं त्यांना वाटलं.

शिपाई सगळ्यांना सांगत फिरत होता, फी भरायची शेवटची तारीख फळ्यावर लिहिलीय, उतरवून घ्या. मास्तरांनी बारकीची वही उचलली आणि सवयीने बोट ओलं करून कोरं पान शोधू लागले.

पहिल्याच पानावर, छाती-कंबर-उंचीच्या रकान्यांत, तिने दुकानातल्यासारखं नेटकं लिहिलं होतं. तळं: एकशे ऐंशी पावलं, पाच मिनिटं, एकदा थांबले. दरी: एकशे साठ पावलं, सहा मिनिटं, दोनदा थांबले. पूल: नव्वद पावलं, चार मिनिटं, खोकला. खाली उरलेले चार थांबेही तसेच.

मास्तरांनी पान उलटलं. तिथे तिन्ही कॉलेजं होती. पहिलं: मागच्या फाटकापासून इस्पितळ अकराशे पावलं, झेपणार नाही. दुसरं: सातशे, मध्ये चढ. तिसरं: इस्पितळ समोरच, शेजारी तळमजल्यावर खोली भाड्याने, दोघांना पुरेल. बाबांच्या चालीने चार मिनिटं.