जास्तीची खुंटी

कॉम्प्युटर पुन्हा बंद पडला, आपोआप चालू झाला, आणि नवऱ्याच्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटल्या. बायको मात्र डोक्याला हात लावून बसली. मुलांच्या पुस्तकाची चित्रं उद्या सकाळी द्यायची होती आणि शेवटचं चित्र पुन्हा अर्ध्यात उडालं होतं. या वेळी उशीर झाला तर पुढचं पुस्तक दुसऱ्याकडे जाईल, असं प्रकाशकाने स्वच्छ सांगितलं होतं.

"जोडला कोणी हा?" त्याने विचारलं. हे विचारून विचारून त्याची जीभ झिजली होती.

"आहे ओळखीतलं एक. हात चांगला आहे. तू आधी बिघाड काढ, मग नाव सांगते."

आता या गृहस्थाचं स्वतःचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. लोकांची यंत्रं जोडण्यात याचा दिवस जायचा, आणि बायकोने "मला एक जोडून दे ना" म्हटलं की हा म्हणायचा, "उद्या बघू." असे कितीतरी उद्या उलटले. मग एका संध्याकाळी तो घरी आला तर टेबलावर नवा कोरा कॉम्प्युटर. तेव्हापासून त्याच्या पोटात दुखायला लागलं ते काही थांबेना. नवीन लग्न झालं होतं तेव्हा ती दुपारी दुकानात येऊन त्याच्या शेजारी बसायची, एकेक स्क्रू त्याच्या हातात द्यायची. तेव्हा तिच्या लेखी जगात दुसरा कारागीरच नव्हता. आणि आता म्हणे, हात चांगला आहे.

काहीतरी खुसपट सापडेल या आशेने त्याने झाकण उघडलं. आत सगळ्या वायरी वेणी घातल्यासारख्या बसवलेल्या. एक वायर लोंबत असेल तर शपथ. त्याच्या दुकानात इतकं देखणं काम होत नसे, हे त्याचं त्यालाच कळलं आणि अंगाचा तिळपापड झाला. एवढा जीव ओतून कोण कोणाच्या बायकोचा कॉम्प्युटर जोडतं?

तो इरेला पेटला. दुकानातला पॉवर सप्लाय आणून लावला. पुन्हा बंद. रॅमच्या पट्ट्या आलटूनपालटून पाहिल्या. पुन्हा बंद. तापतोय म्हणावं तर पंखा मजेत फिरत होता. एक गोष्ट मात्र त्याच्या ध्यानात आली. टेबलाला जरा धक्का लागला, की हटकून तेव्हाच हे नाटक व्हायचं. मग त्याने मदरबोर्ड कॅबिनेटमधून बाहेर काढला, पुठ्ठ्यावर ठेवून सुरू केला आणि टेबलावर चांगली बुक्की मारली. काही झालं नाही. पुन्हा मारली. तरी चालूच. म्हणजे बोर्ड चांगला होता, खोट कॅबिनेटमध्ये होती.

त्याने आत वाकून पाहिलं. बोर्ड टेकायला कॅबिनेटमध्ये लहान लहान पितळी खुंट्या असतात. बोर्डाला जिथे भोक असेल तिथेच त्या लावायच्या. इथे कॅबिनेटमधलं एकही भोक रिकामं सोडलेलं नव्हतं. बोर्ड लहान, खुंट्या मोठ्या बोर्डाच्या हिशेबाने. त्यातली एक बोर्डाच्या पाठीला टेकत होती आणि धक्का बसला की शॉर्ट व्हायचं. चोर मुद्देमालासकट सापडला होता. त्याने ती खुंटी काढून तळहातावर घेतली आणि बायकोच्या नाकासमोर धरली.

"हा तुझा चांगला हात. कॅबिनेटला भोकं दिसली की भरत सुटला. आमच्या दुकानात एकाच मापाचे मोठे बोर्ड येतात, तिथे चालतं हे. म्हणून काय डोळे मिटून सगळीकडे तेच करायचं? कोणत्या गाढवाने शिकवलं याला?"

तिने त्याला हाताने बाजूला सारलं, बोर्ड उचलला आणि कॅबिनेटमध्ये अलगद बसवला. मग स्क्रू ओठांत धरले आणि एकेक काढून लावू लागली. आधी समोरासमोरचे कोपरे, मग मधले, प्रत्येक स्क्रू घट्ट बसल्यावर शेवटी अर्धा आटा सैल. तो बघतच राहिला. अशी ओठांत स्क्रू धरायची खोड आणि शेवटचा अर्धा आटा, साऱ्या बाजारात एकाच माणसाचा होता.

तिने बटण दाबलं. कॉम्प्युटर सुरू झाला. तिने टेबलावर एक सणसणीत बुक्की मारली. तो चालूच राहिला. मग खुर्ची ओढून ती अर्ध्या राहिलेल्या चित्रासमोर बसली.

"शिकवणाऱ्याला गाढव म्हणायचं नाही," ती त्याच्याकडे न बघता म्हणाली. "नवरा आहे माझा."